ॲपल, टोस्ट आणि बर्निंगच्या सॉफ्टवेअरची मागची गोष्ट

कॉम्प्युटर बनवणारी कंपनी टोस्टसारख्या सीडी-डीव्हीडी बर्निंगच्या, म्हणजे कोऱ्या डिस्कवर लिहायच्या, सॉफ्टवेअरवाल्यांना विकत घेतेय, अशी कुजबुज ॲपलबद्दल कानावर आली तर जुन्या मॅकवाल्याला ती थाप वाटत नाही. २००० साली हे खरंच घडलंय, फक्त तेव्हा घेतलं ते टोस्ट नव्हे, आधी टोस्ट विकणाऱ्या कंपनीचंच दुसरं सॉफ्टवेअर.

मुळात हे वेगळं सॉफ्टवेअर लागायचंच कशाला, ते आधी सांगतो. नव्वदच्या दशकात विंडोज काय नि मॅक काय, सिस्टीमला सीडी वाचता यायची, लिहिता यायची नाही. आणि लिहिणं म्हणजे नाजूक काम, लेसर एकदा सुरू झाला की मधे थांबायचा नाही, त्याला डेटा अखंड मिळायला हवा. 4x स्पीडला सेकंदाला ६०० केबी लागायचे आणि रायटरचा बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायची जागा, समजा २ एमबी, म्हणजे हार्डडिस्क तीनेक सेकंद अडखळली की बफर रिकामा आणि सीडी कचऱ्यात. आम्ही ज्या सायबर कॅफेत सीडी राईट करून घ्यायचो तिथला दादा बर्निंग चालू झालं की माऊसलाही कुणाला हात लावू द्यायचा नाही, तो टक्क्यांचा पट्टा नव्वदच्या पुढे गेला की सगळे गप्प बसून बघायचे, आणि त्यानंतर एरर आली तर कोरी सीडी गेली ती गेलीच. २००० च्या सुमाराला सान्योचं बर्न-प्रूफ, म्हणजे बफर रिकामा झाला तरी सीडी वाया जाऊ न देणारं तंत्र, आलं तेव्हा कुठे हा त्रास कमी झाला. तोपर्यंत रायटर चालवणारं चांगलं सॉफ्टवेअर ज्याच्याकडे, त्याला भाव होता.

मॅकवर ते सॉफ्टवेअर म्हणजे टोस्ट. मार्कुस फेस्ट नावाच्या जर्मन प्रोग्रामरने लिहिलेलं, आणि ते विकायची आस्टार्टे ही जर्मनीचीच कंपनी. १९९७ मध्ये टोस्ट अडॅप्टेकने घेतलं. अडॅप्टेक ही स्कझी कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरला ड्राईव्ह जोडायची कार्डं, बनवणारी कंपनी, आणि तेव्हाचे रायटर बरेचसे स्कझीवरच चालायचे, त्यामुळे कार्डासोबत सॉफ्टवेअरही आपलंच असावं हा त्यांचा हिशोब अगदी सरळ होता. विंडोजसाठी त्यांनी १९९५ मध्ये इनकॅट ही कंपनी आणि १९९६ मध्ये कोरेलचं सीडी क्रिएटर घेतलं होतं, त्यातूनच ईझी सीडी क्रिएटर तयार झालं. (आपल्याकडे मात्र नेरो हे तिसरंच बर्निंगचं सॉफ्टवेअर जास्त दिसायचं.)

आता ॲपल. १९९९ च्या शेवटी आयमॅकमध्ये डीव्हीडी ड्राईव्ह आणि व्हिडिओ एडिट करायचं आयमूव्ही देऊन त्यांनी सगळा जोर घरच्या व्हिडिओवर लावला, आणि पोरं तिकडे पीसीवर एमपी३ च्या सीड्या करत होती. सीडी रायटर द्यायला उशीर झाला हे स्टीव्ह जॉब्सने पुढे स्वतः कबूल केलं, २००० च्या शेवटच्या तिमाहीत कंपनीला १९.५ कोटी डॉलरचा तोटाही झाला, त्याला बाकी कारणं होतीच पण हे एक होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी आस्टार्टेचं डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर माणसांसकट घेतलं. त्या माणसांत माईक इव्हँजेलिस्ट होता, त्यानेच नंतर सांगितलेली गोष्ट मला फार आवडते. नवीन सॉफ्टवेअर कसं असावं याची चित्रं, कागद सगळं तयार करून टीम मीटिंगला बसली, जॉब्स आला, त्यातलं काही न बघता फळ्यावर एक चौकोन काढला आणि म्हणाला, खिडकी एकच, व्हिडिओ ओढून आत टाकायचा आणि बर्नचं बटण दाबायचं, झालं. तेच आयडीव्हीडी, जानेवारी २००१ मध्ये सुपरड्राईव्हवाल्या (डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राईव्हवाल्या) पॉवर मॅक जी४ सोबत आलं, आणि व्यावसायिकांसाठी डीव्हीडी स्टुडिओ प्रो आलं ९९९ डॉलरला.

खरी मेख इथे आहे. आयडीव्हीडी फक्त ॲपलने आत बसवलेल्या ड्राईव्हवरच चालायचं. २००२ मध्ये अदर वर्ल्ड कॉम्प्युटिंग या मॅकचं सामान विकणाऱ्या कंपनीने बाहेरच्या ड्राईव्हवर ते चालवणारा एक पॅच दिला तर ॲपलने कायद्याचा धाक दाखवून तो बंद करायला लावला. म्हणजे सॉफ्टवेअर घेतलं ते मशीन विकायला, सॉफ्टवेअर विकून पैसे कमवायला नव्हे. टोस्ट कुणाच्याही ड्राईव्हवर चालायचं, मग असलं सॉफ्टवेअर घेऊन ॲपलला काय मिळणार होतं? साधं बर्निंग तर त्यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये डिस्क बर्नर म्हणून फुकटच देऊन टाकलं आणि त्याच सप्टेंबरच्या ओएस टेन १०.१ या मॅकच्या सिस्टीमपासून ते थेट फाइंडरमधून, म्हणजे फायली बघायच्या खिडकीतूनच, व्हायला लागलं.

नेमकं त्याच वर्षी मे महिन्यात अडॅप्टेकने ही सॉफ्टवेअरं वेगळी काढून रॉक्सिओ नावाची कंपनी केली. वेळ वाईटच म्हणायची. तरी टोस्ट तगलं, कारण आयडीव्हीडीत न होणाऱ्या व्हीसीडीसारख्या गोष्टी त्यात व्हायच्या, आणि आपल्याकडे लग्नाची कॅसेट जाऊन व्हीसीडी आली होती त्या काळात ही काही छोटी गोष्ट नव्हती.

रॉक्सिओने मग २००२ मध्ये दिवाळखोरीतलं नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवर गाणी वाटण्यासाठी गाजलेलं, उचललं, २००४ मध्ये बर्निंगचा धंदा सोनिक सोल्युशन्सला सुमारे ८ कोटी डॉलरला दिला आणि स्वतःचं नावच नॅपस्टर करून टाकलं. सोनिक पुढे रोवीकडे गेली, आणि २०१२ च्या सुरुवातीला रोवीने रॉक्सिओ विकली कोरेलला. म्हणजे त्याच कोरेलला, जिने १९९६ मध्ये आपलं सीडी क्रिएटर अडॅप्टेकला विकलं होतं, सोळा वर्षांनी ते टोस्टसकट तिच्याकडे परत आलं. आणि त्याच जूनमध्ये ॲपलने रेटिना मॅकबुक प्रो आणला, त्यात डिस्क घालायला फटच नव्हती.