कोणत्या महिन्यात कोणतं आंबट
(आमची सोलं आणि आगळ वापरणाऱ्या घरांसाठी)

नमस्कार.

या पार्सलात सोलांची (वाळवलेल्या कोकमांची) पिशवी असेल, आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली असेल, किंवा दोन्ही असतील. वापरायला काढण्याआधी हे पान एकदा वाचा आणि मग स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. आमच्या बऱ्याच जुन्या गिऱ्हाइकांनी तसंच केलंय.

आम्हाला फोनवर सगळ्यात जास्त विचारतात ते हे: ‘चार माणसांच्या आमटीला सोलं किती?’ आम्ही उलट विचारतो, महिना कुठला आणि आमटी कशाची? वेंगुर्ल्याकडच्या स्वयंपाकाला आंबट बाराही महिने लागतं, पण ते बारा महिने एकच नसतं. चैत्र-वैशाखात कैरी असते. परसात झाड असेल तर बिंबलं, ही लांबट आंबट फळं, असतात. गणपतीच्या सुमाराला बाजारात अंबाडे, ही छोटी आंबट फळं, येतात. ज्या दिवसांत यातलं काही हाताशी नसतं, त्या दिवसांसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं वाळवून ठेवली. म्हणून सोलं विकत असूनही आम्ही सांगतो, घरात ताजी कैरी आहे तोवर कोलंबीच्या कालवणात सोलं घालू नका. कैरीच्या चार फोडी घाला. सोलं कुठे पळून जात नाहीत, कैरी मात्र जाते.

सोलं कशी होतात

रातांबे एप्रिलच्या मध्यापासून पिकायला लागतात आणि बहुतेक मेअखेर संपतात. फळ धुवून, पुसून, फोडतात. आत पाच ते आठ बिया आणि पांढरा आंबट-गोड गर असतो. गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्या. गराच्या रसात मीठ विरघळवतात, त्यात सालं बुडवतात आणि उन्हात पसरतात. संध्याकाळी गोळा करून पुन्हा त्याच रसात, सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. आम्ही सहा पुटं देतो, ऊन कोवळं असेल तर सात. दर पुटाला साल जाड आणि काळपट होत जातं. शेवटच्या पुटानंतर ते बोटांत वाकवलं तर वाकतं, मोडत नाही. मोडलं तर जास्त वाळलं, आणि दाबल्यावर बोट ओलं झालं तर अजून एक दिवस उन्हात हवं.

हे बोट लावून बघण्याचं काम आमच्या सासूबाई करतात. सकाळी सातला अंगणात येऊन आधी त्या आभाळाकडे बघतात. ‘आज मळभ आसा, पूट नको’ असं म्हणाल्या की त्या दिवशी पूट नाही, कितीही ऑर्डरी असोत. एका वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस लागोपाठ तीन दिवस पडला. चौथ्या पुटावरचा माल खोलीत पसरून, पंखे लावून वाचवायचा आम्ही खूप प्रयत्न केला. चौथ्या दिवशी दार उघडलं तर कुबट वास. तो सगळा माल आम्ही माडांच्या आळ्यात टाकला आणि त्या वर्षी अर्ध्या गिऱ्हाइकांना ‘नाही’ म्हणालो. कुणाकडून विकत आणून आमच्या पिशवीत भरून देणं आम्हाला जमणार नव्हतं.

पांढरं दिसलं तर घाबरू नका

पावसाळा संपला की दरवर्षी काही फोन येतात: सोलांवर पांढरं आलंय, बुरशी आहे का? बहुतेक वेळा ते मीठ असतं. एक सोल घ्या, पांढऱ्या जागी अंगठा घासा. चरचरीत लागलं आणि पाण्यात टाकल्यावर विरघळलं तर मीठ. कापसासारखं तंतुमय असेल, पाण्यावर तरंगलं आणि कुबट वास आला तर बुरशी. तसं झालं असेल तर ती पिशवी वापरू नका, फोटो पाठवा, आम्ही दुसरी देऊ.

रंगाचंही तसंच. नवी सोलं जांभळट-लाल असतात, वर्षभरात काळी होतात. काळी म्हणजे खराब नव्हे. जुनं सोल आमटीला रंग कमी देतं, आंबटपणा पुरेसा देतं. सोलकढीला मात्र नवीच घ्या.

सोलं काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा. आगळ पितळेच्या, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ओतून ठेवू नका, आंबट धातूला खातं. बरणीत ओला चमचा घालायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर सोलं सहज वर्षभर टिकतात.

पावसाळा

सोलांचा खरा हंगाम आमच्या मते हाच. रातांबा उन्हाळ्यात होतो, पण सोल लागतं ते पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. बाजारात ताजा मासा जवळजवळ नसतो, भाज्या पावसाने महाग. म्हणून आगोटीला, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी, घरात कुळीथ, सुका बांगडा, सुकी सुंगटं (कोलंबी), आठळ्या (फणसाच्या बिया) आणि सोलं भरून ठेवायची पद्धत.

अशा दिवशी आमच्या घरी कुळथाची पिठी असते. चार माणसांना चार मोठे चमचे कुळथाचं पीठ पुरतं. ते एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. कढईत दोन चमचे तेल, त्यात ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या चांगल्या लाल होऊ द्या. लसूण पांढरी राहिली तर पिठीला चव येत नाही. मग हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, हवा तर बारीक चिरलेला कांदा. तीन वाट्या पाणी ओता, तीन सोलं आणि मीठ टाका. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ धार धरून सोडा आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटं खदखदू द्या. कुळीथ कच्चा राहिला तर वास लागतो. गुरगुट्या भातावर ओता, वर खोबरेल तेलाचे चार थेंब. शेजारी भाजलेला सुका बांगडा असेल तर दुसरं काही करायला नको.

सुक्या सुंगटांच्या किसमुरात, म्हणजे खोबरं घातलेल्या कोशिंबिरीत, सोलं न घालता आगळ घाला, चमचाभर. एक लक्षात ठेवा: आगळात मीठ आहे, सुंगटांतही आहे. मीठ शेवटी, चव घेऊन. खारट झालं म्हणून आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा मीठ आधीच घातलेलं असतं.

अळवाला आंबट घातलंच पाहिजे. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. चिरताना हाताला तेल लावा, देठं सोला, भाजी चांगली मऊ शिजवा आणि पाच सोलं घाला. गणपतीच्या दिवसांत अंबाडे मिळाले तर सोलांऐवजी तेच ठेचून घाला.

नारळी पौर्णिमेनंतर

होड्या पुन्हा दर्यात जातात आणि बांगडा यायला लागतो. ताज्या बांगड्याच्या तिखल्याला सोल आणि तिरफळ (कोकणातला वासाचा मसाला) दोन्ही हवं. चार बांगड्यांना एक वाटी ओलं खोबरं, सहा-सात सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि छोटा कांदा अगदी गंधासारखं वाटा. आठ तिरफळं घ्या. आतली काळी बी काढून टाका, ती कडवट असते. वरचं टरफल तेवढं पाण्यात टाकून हलकं ठेचा. वाटण, तिरफळाचं पाणी, पाच सोलं आणि मीठ एकत्र पाच मिनिटं उकळा, मग बांगडे सोडा. सहा-सात मिनिटांत शिजतात. डाव घालू नका, तुकडे मोडतात. टोप कडांना धरून गोल हलवा. फोडणी नको. सकाळी केलेलं हे तिखलं रात्री जास्त चांगलं लागतं, म्हणून आम्ही मुद्दाम जास्त करतो.

उन्हाळा आणि सोलकढी

सोलकढीचं प्रमाण: एक नारळ, बारा नवी सोलं. सोलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये फिरवू नका, तुरटपणा उतरतो. नारळ किसून दोन लसूण पाकळ्या, अर्धी हिरवी मिरची आणि वाटीभर कोमट पाणी घालून वाटा, पिळा. हे पहिलं दूध. पुन्हा पाणी घालून दुसरं काढा. दोन्ही दुधं एकत्र करून त्यात सोलांचं पाणी थोडं थोडं ओता, रंग फिका गुलाबी झाला की थांबा. गडद रंगासाठी जास्त ओतलं तर कढी आंबट होते आणि नारळ हरवतो. सोलांऐवजी आगळ वापरलं तर तीन मोठे चमचे, आणि मीठ चव घेतल्यावर. कढी चुलीवर ठेवू नका, फुटते. केली त्याच दिवशी संपवा.

सरबतासाठी आगळ वापरायचं तर पेलाभर पाण्याला एक चमचा पुरे, साखर आणि जिरेपूड आपल्या आवडीने. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी आगळाऐवजी साखरेतलं अमृत कोकम घ्यावं. मधुमेहींनी साधी सोलं पाण्यात भिजवून प्यावीत, भिजवण्याआधी मीठ धुवून टाकावं. अंगावर पित्त उठलं की आमच्याकडे आगळ पाण्यात कालवून लावतात, ही घरची रीत आहे. औषध म्हणून आम्ही काही विकत नाही.

नव्या मालाची नोंदणी आम्ही मार्चमध्ये घेतो आणि सोलं जूनच्या पहिल्या आठवड्यात पाठवतो. फुटलेलं झाकण किंवा गळलेली बाटली मिळाली तर त्याच दिवशी कळवा. पिशवी संपताना तळाशी मीठ आणि सोलांचा चुरा उरतो, तो फेकू नका. तुरीच्या वरणात उकळताना टाका आणि त्या दिवशी वरणात वेगळं मीठ घालू नका.