जुनी लिफ्ट दुरुस्त करायची की बदलायची? कोकणातल्या सोसायट्यांसाठी परवाना, ठराव आणि कागदपत्रं

लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडायला लागली की कमिटी पहिल्यांदा कोटेशनं मागवते. एक म्हणतो नुसता रोप, म्हणजे केबिन टांगलेला तारेचा दोर, बदला, दुसरा म्हणतो लिफ्ट चालवणारं विजेचं पॅनल बदला, तिसरा सगळी लिफ्टच नवी घ्या म्हणतो. मग सभेत नुसत्या आकड्यांवर भांडणं होतात. माझं सांगणं एवढंच, की आधी कपाट उघडा आणि लिफ्टचा परवाना शोधा. तो कोणाच्या नावावर आहे, त्यावर किती माणसं आणि किती किलो लिहिलंय, शेवटची तपासणी कधी झाली आणि तपासनिसाने काय शेरा मारला, हे वाचल्याशिवाय कोणत्याही कोटेशनला अर्थ नाही.

महाराष्ट्रात लिफ्ट आणि सरकते जिने यांच्यासाठी २०१७ चा स्वतंत्र राज्य अधिनियम आहे. त्याआधी १९३९ चा मुंबई लिफ्ट कायदा होता, त्यामुळे जुन्या इमारतींचे परवाने त्याच कायद्याखाली निघालेले दिसतील. काम पाहतं ते विद्युत निरीक्षकांचं कार्यालय. नगरपरिषद नाही आणि महावितरणही नाही. लोक हेलपाटे मारतात ते इथेच.

अर्ज कोण करू शकतं

अर्ज मालकाचा. गृहनिर्माण संस्था असेल तर संस्थेच्या वतीने सचिव किंवा अध्यक्ष, अपार्टमेंट असेल तर असोसिएशन, एकट्याची इमारत, हॉटेल किंवा दवाखाना असेल तर तो मालक. भाडेकरूला अर्ज करता येत नाही, पण धोकादायक लिफ्टबद्दल विद्युत निरीक्षकांकडे लेखी तक्रार तो नक्की करू शकतो. बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक, नर्स यांच्या जिवावर आपल्याकडच्या कितीतरी फ्लॅटचं भाडं चालतं. त्यांना ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणून गप्प बसवणं बरोबर नाही.

गुंता होतो तो परवाना अजून बिल्डरच्याच नावावर असला तर. संस्था नोंदवली, पण लिफ्टचा परवाना नावावर करून घ्यायचं राहून गेलं, असं हमखास आढळतं. अशा वेळी लिफ्ट बदलण्याचा अर्ज पुढे ढकला आणि नावातल्या बदलाचा अर्ज आधी द्या. त्याला संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, मूळ परवान्याची प्रत, इमारतीचा ताबा संस्थेकडे आल्याचा कागद आणि कमिटीचा ठराव जोडा. मूळ परवानाच सापडत नसेल तर लिफ्टच्या खोलीतल्या मशीनवरच्या पट्टीचा आणि केबिनमधल्या पाटीचा फोटो काढून निरीक्षक कार्यालयात जा. त्यावरून जुनी फाइल शोधायला मदत होते.

परवानगी कशाला लागते

झिजलेला भाग काढून तसाच दुसरा बसवला, तर ती दुरुस्ती. रोप, ब्रेक लायनर, दाराचे रोलर, बॅटरी या गोष्टी अधिकृत ठेकेदाराने बदलायच्या आणि देखभालीच्या वहीत नोंद करायची. पण मशीन, कंट्रोल पॅनल, दाराचा प्रकार, वजनाची क्षमता, वेग किंवा थांबे बदलायचे असतील, तर काम सुरू करण्याआधी परवानगी घ्या. पूर्ण लिफ्ट बदलायची तर दोनदा मंजुरी लागते: आधी उभारणीची परवानगी, मग काम, मग तपासणी, आणि त्यानंतर चालवण्याचा परवाना.

‘क्षमता वाढवून द्या’ ही मागणी सोपी वाटते, तशी नाही. जुन्या लिफ्टमधली पाटी बघा: ४ व्यक्ती २७२ किलो, ६ व्यक्ती ४०८ किलो. माणशी ६८ किलो हा हिशेब. सहाची आठ करायची म्हणजे ५४४ किलो, आणि तेवढं ओझं वरच्या तुळयांवर, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आला. गणपतीत सगळे चाकरमानी एकदम येतात, बॅगा, मखर, नारळाची पोती एकाच फेरीत चढवतात, आणि मग लिफ्ट लहान पडते अशी ओरड होते. वर्षातल्या दहा दिवसांसाठी शाफ्ट, म्हणजे केबिन वर-खाली करते तो उभा चौक, फोडू नका. ओव्हरलोडचा बजर नीट चालतो का ते आधी पाहा.

समुद्राकाठची लिफ्ट

इथे जरा थांबतो, कारण पुण्याच्या लिफ्टचा अनुभव इथे पुरत नाही. खाऱ्या हवेने रोपच्या तारांच्या सांध्यातून तांबूस पूड सुटते. वरून ग्रीस चोपडलेलं असलं की ती दिसत नाही. टेक्निशियनला एक वीतभर रोप फडक्याने पुसून दाखवायला सांगा. फडक्यावर गंजाची लाली आली तर रोपची जाडी मोजून घ्या. दाराच्या कुलपाच्या तांब्याच्या कॉन्टॅक्टवर हिरवट थर साचतो. ‘लिफ्ट मध्येच थांबते’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तेवढंच असतं, त्यासाठी लाखांचं पॅनल लागत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे पिट, शाफ्टच्या तळाचा खड्डा. जांभ्यात खणलेल्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी पाझरतं. तळाचे बफर (केबिन खाली आदळली तर धक्का झेलणारे), स्विच आणि गव्हर्नरच्या दोरीचं खालचं चाक त्या पाण्यात उभं राहतं. गव्हर्नर म्हणजे केबिनचा वेग हाताबाहेर गेला की ब्रेक पकडायला लावणारं यंत्र. ते गंजून अडकलं, तर रोजच्या वापरात काहीच कळत नाही, आणि गरज पडेल त्या दिवशी ते चालत नाही. वॉटरप्रूफिंग एप्रिल-मे महिन्यात करून घ्या आणि त्याचा फोटो फाइलला लावा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा तळमजले बुडाले. पूररेषेत इमारत असेल तर अतिवृष्टीच्या इशाऱ्याला केबिन वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करायचा, हे वॉचमनला लिहून द्या. पाणी ओसरल्यावर मात्र ठेकेदाराने तपासल्याशिवाय स्विच लावायचा नाही. वीज जाणं तर आपल्या पाचवीला पुजलेलं. वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी बचाव यंत्रणा असेल तर तिची बॅटरी जिवंत आहे का, हे टेक्निशियनला दर फेरीत रिकाम्या केबिनवर मेन स्विच पाडून दाखवायला लावा.

ठराव आणि पैसे

लिफ्टचा देखभाल-दुरुस्ती खर्च कोणी द्यायचा, यावर आदर्श उपविधी स्पष्ट आहेत: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी समान, वापरा किंवा वापरू नका. तळमजल्यावाल्यांनी कितीही वाद घातला तरी ही तरतूद दाखवा आणि विषय संपवा. सिंकिंग फंडाची, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या राखीव निधीची, वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के असते. तो फंड लिफ्ट बदलायला वापरायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवाच, शिवाय तुमच्या नोंदणीकृत उपविधीत सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या पूर्वपरवानगीची अट आहे का, ते वाचा.

विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस लागते. गणसंख्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली जी कमी असेल ती. अर्धे सभासद मुंबईत, त्यामुळे सभा मे महिन्यात किंवा गणपतीच्या सुट्टीत ठेवा. ठरावात ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि अर्जावर सही कोण करणार, हे तिन्ही लिहा. ‘लिफ्टबाबत योग्य ती कार्यवाही करावी’ असला ठराव कार्यालयात उपयोगी पडत नाही.

अर्जासोबत काय जोडायचं

आधीचा परवाना आणि शेवटचा तपासणी अहवाल, नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. ठेकेदाराकडून त्याच्या परवान्याची चालू मुदतीची प्रत, काम स्वीकारल्याचं पत्र, आणि शाफ्ट, पिट, मशीन रूमची मापं दाखवणारा नकाशा. इमारतीचा मंजूर नकाशा, तुळयांबद्दल इंजिनिअरचा दाखला, शुल्क भरल्याचं चलन. काम झाल्यावर रोपचं आणि सुरक्षा ब्रेकचं चाचणी प्रमाणपत्र, अर्थिंगची चाचणी, देखभाल करार आणि विमा. लिफ्टमधल्या प्रवाशांचा विमा २०१७ च्या अधिनियमाखाली मालकावर बंधनकारक आहे. इमारतीच्या आगीच्या विम्यात तो आपोआप येतो असं समजू नका.

अर्ज दिला की पोच घ्या. सेवा हमी कायद्यानुसार अधिसूचित सेवांची मुदत आणि जबाबदार अधिकारी कार्यालयातल्या फलकावर असतात. मुदत उलटली तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं.

काम चालू असताना

लिफ्ट आठवडे बंद राहणार. नोटिशीत बंद होण्याची तारीख, अंदाजे कधी सुरू होईल ती तारीख आणि एक फोन नंबर लिहा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसला न्यायचं असतं, कोणाचं सिलिंडर चढवायचं असतं. आधी कळलं तर लोक सोय करतात, भाडेकरूही चिडत नाहीत. जिन्यातले दिवे मात्र त्याआधी लावून घ्या.

अपघात झाला तर लिफ्ट जागच्या जागी बंद करा, विद्युत निरीक्षकांना ताबडतोब लेखी कळवा आणि त्यांच्या परवानगीशिवाय चालू करू नका. माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकला असेल तर दार ओढून त्याला बाहेर खेचू नका, केबिनखाली शाफ्ट उघडा असतो. बाहेरून दार उघडायची किल्ली शिकवलेल्या माणसाकडेच हवी, सगळ्यांच्या हाताशी टांगलेली नको.

सरकता जिना कोकणात थोड्याच दुकानांत आहे, पण परवाना त्यालाही लागतो. जिन्याच्या टोकाला पायरी जिथे दातेरी फणीसारख्या पट्टीत शिरते तिथले दात तुटलेले नाहीत ना आणि जिना थांबवायचं लाल बटण खोक्यांमागे दडलेलं नाही ना, हे मालकाने रोज उघडताना पाहावं.

नवी लिफ्ट बसली, गणपती तोंडावर आहेत, आणि ठेकेदार म्हणतो ‘चालवा, परवाना येईल मागून’. चालवू नका. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी वायरिंगचा नकाशा आणि कंट्रोलरचा पासवर्ड लेखी ताब्यात घ्या. ही अट वर्क ऑर्डरमध्येच घातलेली बरी. नाहीतर पुढे देखभालीचा ठेका दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की पॅनल कोणालाच उघडत नाही.