चालणं सुधारलं, पडणं वाढलं

इस्पितळातून नुकतेच घरी आलेले ३४० वृद्ध. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला फिजिओथेरपिस्टने घरी येऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार मिळाले. वर्षभराने पाहिलं तर व्यायाम करणाऱ्यांची हालचाल खरोखर सुधारली होती. पण त्यांचं पडण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघालं.

ऑस्ट्रेलियातल्या प्राध्यापक कॅथी शेरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा निष्कर्ष शोधनिबंधाच्या शीर्षकातच मांडला. व्यायामाने वृद्धांचं पडणं टळतं याचे पुरावे ज्यांनी वर्षानुवर्षं जमवले, त्याच या बाई. न रुचणारा निकाल कपाटात ठेवला नाही, हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

शेरिंग्टन मुळात फिजिओथेरपिस्ट. आता सिडनी विद्यापीठात आहेत. सुरुवातीचं काम खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांवर. त्यांच्या एका चाचणीत १२० रुग्णांपैकी काहींना पडल्यापडल्या करायचे व्यायाम दिले, काहींना उभं राहून, पायांवर वजन टाकून करायचे. तोल जास्त सुधारला तो उभ्याने व्यायाम करणाऱ्यांचा. कारण कळायला अवघड नाही. डोळे, आतला कान, तळपाय आणि सांधे यांच्याकडून येणारे संदेश मेंदू जुळवतो आणि योग्य स्नायू वेळेत आवळायला लावतो. गादीवर पडून पाय उचलताना पडण्याचा धोकाच नसतो, मग ही यंत्रणा कामाला लागणार कशी?

म्हणजे तोल सुधारायचा तर तो थोडा डळमळला पाहिजे. पाय जवळ घेऊन उभं राहणं, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, हाताचा आधार हळूहळू सोडणं. कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासून आढावे काढणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १०८ चाचण्या एकत्र तपासल्या. २३,४०७ माणसं, सरासरी वय ७६. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. हजार वृद्ध वर्षात ८५० वेळा पडत असतील, तर व्यायामाने ते ६५५ वर येतं. तोल आणि ताकद दोन्हींचे व्यायाम एकत्र केले तर घट ३४ टक्क्यांच्या आसपास. नुसत्या चालण्याने मात्र पडणं कमी होतं, असं खात्रीने म्हणता येईल इतका पुरावा मिळाला नाही.

हे आपल्या घरांत नीट पोचायला हवं. 'बाबा रोज तासभर फिरायला जातात' एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. फिरणं हृदयाला आणि साखरेला चांगलंच, ते सोडू नये. पण त्याने तोलाची तालीम झाली असं धरून चालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करायला सांगितलं आहे.

शिकवण्याच्या बाजूनेही शेरिंग्टन यांचं एक काम फार मोठं आहे. १९९९ मध्ये त्यांनी रॉब हर्बर्ट आणि ॲन मोझली यांच्यासोबत 'पेड्रो' हा फिजिओथेरपीच्या चाचण्यांचा संग्रह सुरू केला. तो सर्वांना मोफत खुला आहे आणि त्यातल्या चाचण्यांना दर्जानुसार दहापैकी गुण दिलेले असतात. कुठला उपचार अभ्यासाने सिद्ध झालाय आणि कुठला केवळ सवयीने चाललाय, हे लहान गावातला विद्यार्थीही स्वतः तपासू शकतो.

२०१४ च्या त्या निकालाचं एक संभाव्य कारण असं, की बरं वाटू लागल्यावर माणसं जास्त वावरू लागली आणि पडण्याचे प्रसंगही वाढले. म्हणून आजारपणातून उठलेल्या आजीला व्यायाम सुरू करायचा असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. एरवी धडधाकट असाल, तर स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहा. आधी दोन्ही हात टेकवून टाचा उचला, जमू लागलं की एका हाताने, मग नुसती बोटं टेकवून. घसरणाऱ्या सपाता तेवढ्या काढून ठेवा, आणि पहिले काही दिवस घरातलं कुणीतरी जवळ असू द्या.