अमली पदार्थांच्या कटात शिक्षा झाली? खंडपीठात अपील असं करा

एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली की घरचे कित्येक दिवस सुन्न असतात. साहजिक आहे, पण मुदत कुणासाठी थांबत नाही. शिक्षेपासून ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील दाखल व्हायला हवं. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांतली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात चालतात.

अपिलाचा हक्क एनडीपीएस कायद्याच्या कलम ३६-ब मध्ये आहे, आणि तो शिक्षा झालेल्या प्रत्येकाला आहे. कटाचं कलम २९. माल दुसऱ्याच्या गाडीत सापडला असला, तरी कट सिद्ध झाला की फोनवर बोलणाऱ्यालाही तीच शिक्षा लागते. गांजा २० किलोच्या वर असेल तर किमान १० वर्षं सक्तमजुरी आणि किमान १ लाख रुपये दंड. म्हणूनच सहआरोपींसोबत एकत्र अपील करण्याआधी दहादा विचार करा. एकाचा बचाव दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो.

कागदपत्रं फार नाहीत. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आणि वकीलपत्र आधी हातात घ्या. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती मागून घ्या. नकलेवर अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते. मधले दिवस मुदतीतून वगळले जातात, तेव्हा तो शिक्का नीट बघा. माणूस हर्सूल कारागृहात असेल तर वकीलपत्रावर त्याची सही तुरुंग अधिकाऱ्यासमोर होते आणि अधिकारी ती साक्षांकित करतो. यातच दिवस जातात. साक्षीदारांच्या जबाबांच्या, पंचनाम्यांच्या आणि रासायनिक तपासणी अहवालाच्या प्रतीही वकिलाला द्या. मुदत टळली असेल तर उशीर माफीचा अर्ज जोडावा, कारण खरं लिहावं आणि शक्यतो कागदानिशी.

अपिलासोबतच शिक्षा स्थगिती व जामिनाचा अर्ज द्या, दंडाच्या स्थगितीसह. अशा शिक्षेला स्थगिती मिळतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दादू प्रकरणात उच्च न्यायालयाचा हा अधिकार कायम ठेवला. मात्र व्यावसायिक प्रमाणाचा माल (गांजा असेल तर २० किलोच्या वर) असेल तर कलम ३७ ची कडक कसोटी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण दिसलं पाहिजे.

अपिलातले मुद्दे सुटे मांडू नका. आरोपी कटात होता हे नेमकं कशावरून ठरलं, तिथे बोट ठेवा. सहआरोपीने कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे २०२० च्या तुफान सिंग निकालाने स्पष्ट झालं. कॉल रेकॉर्डच्या प्रिंटला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र होतं का, तेही तपासा. त्याच वर्षी जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर निकालात ते बंधनकारक ठरलं आहे. मुद्देमालाचे नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, सील कुणाच्या ताब्यात होतं, हेही बघा.

वकील लावायला पैसे नसतील तर अडून बसू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खंडपीठातल्या विधी सेवा समितीकडे किंवा तुरुंगातूनच अर्ज करता येतो. अपीलही तुरुंग अधिकाऱ्याकडे देता येतं, तो ते न्यायालयात पाठवतो.

खंडपीठाने अपील फेटाळलं, तर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेसाठी ९० दिवस मिळतात.