एक कोटीनंतरचं पोलाद

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस धावता धावता मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. आसावरचा भार मात्र रोजचाच होता. फिरणाऱ्या आसाचा पृष्ठभाग दर फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. एरवी सहज पेलणारा ताण लाखो वेळा आला की धातूला तडा जातो. यालाच धातूचा थकवा किंवा फटीग म्हणतात.

ऑगस्ट व्हलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने १८५० आणि १८६०च्या दशकांत याचे पद्धतशीर प्रयोग केले. ताण कमी केला की आयुष्य वाढतं आणि एका मर्यादेखाली पोलाद तुटतच नाही, असं दिसलं. या मर्यादेवर पुढच्या कितीतरी पिढ्यांनी यंत्रं बेतली. पण 'तुटतच नाही' म्हणजे बहुधा १ कोटी आवर्तनांपर्यंत (एक ताण आणि एक दाब मिळून एक आवर्तन) तुटत नाही, एवढंच! सेकंदाला ५० आवर्तनं देणाऱ्या यंत्रावर १ कोटीला सव्वादोन दिवस पुरतात; १ अब्जाला साडेसात महिने लागतात. इतकं थांबणार कोण? इंजिनाला मात्र ही सवलत नाही. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, साडेपाच हजार तासांत १ अब्ज फेरे पुरे करतो.

मग धातूचा नमुना अनुनादावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर, सेकंदाला २०,००० वेळा कंप पावेल अशी यंत्रं आली आणि १ अब्ज आवर्तनांचं काम १४ तासांत होऊ लागलं. हवेचा झोत मारून नमुना थंड ठेवावा लागतो, नाहीतर तो तापतो. कमी ताणावर तगलेली उच्च बलाची पोलादं १ कोटीच्या पुष्कळ पुढे जाऊन तुटताना दिसली. मला सर्वांत विलक्षण वाटते ती तुटण्याची जागा. नेहमीचा तडा पृष्ठभागावरच्या ओरखड्यापासून किंवा खाचेपासून सुरू होतो. हा आतून येतो.

तुटलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एक गोल चकती दिसते, माशाच्या डोळ्यासारखी. तिच्या मधोमध असतो पोलाद बनवतानाच अडकलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखा कण, बहुतेकदा केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. त्याच्याभोवती खडबडीत, अतिसूक्ष्म दाण्यांचं एक कडं असतं. नमुन्याचं बहुतांश आयुष्य एवढंसं कडं तयार होण्यातच जातं. आतल्या तड्याला हवा लागत नाही, म्हणून तो फारच हळू सरकतो. पृष्ठभागाशी पोहोचला की मात्र वेग घेतो.

म्हणूनच बाहेरून केलेली तपासणी इथे तोकडी पडते. पृष्ठभाग छर्रे मारून किंवा उष्णता देऊन कठीण केला, तर बाहेरचा तडा रोखता येतो, पण आतला कण तसाच राहतो. त्यावर उपाय भट्टीतच करावा लागतो: बेअरिंगचं पोलाद निर्वातात शुद्ध करतात, काही वेळा निर्वातातच पुन्हा वितळवतात. कण पूर्णपणे जात नाहीत, मात्र मोठे कण विरळ होतात. आणि आयुष्य ठरवतो तो ताणाच्या जागी सापडलेला सर्वांत मोठा कण.