कळीची जाती

परिसंस्थेत संख्येने वा जैवभाराने (सजीवांच्या एकूण वजनाने) थोडी असूनही इतर जातींवर त्या मानाने फार मोठा परिणाम करणारी जाती. इंग्रजीत ‘कीस्टोन स्पीशीज’; ‘कीस्टोन’ म्हणजे कमानीच्या माथ्यावरचा, दोन्ही बाजू अडकवून धरणारा दगड. ‘कळीची प्रजाती’ असेही लिहितात. परंतु वर्गीकरणाच्या जुन्या मराठी परिभाषेत ‘प्रजाती’ ही जातीच्या वरची पायरी असल्याने येथे ‘जाती’ हाच शब्द ठेवला आहे.

संज्ञेचे मूळ सहसा अमेरिकी परिस्थितिवैज्ञानिक रॉबर्ट पेन यांच्या १९६६ च्या निबंधात दाखवतात. त्या निबंधात प्रयोग आहे, संज्ञा नाही. ती त्यांच्या १९६९ च्या टिपणात येते, म्हणून तेच वर्ष धरणे बरे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील खडकाळ किनाऱ्यावर सुमारे ८ मी. लांब व २ मी. उंचीच्या पट्ट्यातून पेन यांनी पायसॅस्टर हा तारामासा सतत काढून टाकला. त्याचे मुख्य भक्ष्य असलेले मसल शिंपले खाली पसरले, खडकावरची जागा त्यांनी व्यापली आणि नोंदलेल्या जाती १५ वरून ८ वर आल्या.

पुढे ‘महत्त्वाची’ एवढ्याच अर्थाने संज्ञा सैल वापरली जाऊ लागली. १९९३ मध्ये मिल्स, सूले व डोक यांनी ती सोडून द्यावी असे सुचवले. १९९६ मध्ये पॉवर व सहकाऱ्यांनी तिला मोजमाप दिले. जाती काढल्यावर निवडलेल्या गुणात, उदा. जातिसंख्येत, मूळच्या किती प्रमाणात घट झाली ते काढून त्याला एकूण जैवभारातील त्या जातीच्या मूळ वाट्याने भागतात. उत्तर १ च्या खूप वर गेले तरच जाती कळीची. समजा, घट ७/१५ व जैवभारातील वाटा ०.०२, उत्तर सुमारे २३. तोच वाटा ०.०१ मोजला गेला तर ४७. भाजक इतका लहान असल्याने मोजणीतली किरकोळ चूकही उत्तर दुप्पट करते, आणि तुलनेसाठी न छेडलेला पट्टा नसेल तर आकड्याला अर्थ राहत नाही. या व्याख्येने वनातील प्रमुख वृक्ष किंवा प्रवाळ कळीचे ठरत नाहीत; त्यांचा प्रभाव मोठा खरा, पण जैवभारही तेवढाच मोठा.

हा गुण जातीला कायमचा चिकटलेला नसतो. ऑरेगनच्या किनाऱ्यावर पायसॅस्टरचा प्रभाव लाटा आदळणाऱ्या जागी तीव्र, तर आडोशाच्या जागी क्षीण आढळला (मेंगे, १९९४). त्यामुळे एका ठिकाणच्या निष्कर्षावरून जातींची सरसकट यादी करणे सदोष होय. समुद्री पाणमांजराचे उदाहरण त्यामानाने भक्कम आहे: ते अर्चिन (काटेरी गोल सागरी प्राणी) खाते, अर्चिन केल्प शैवाल खातात, पाणमांजर नसलेल्या, अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांच्या किनाऱ्यांवर केल्प जवळजवळ उरलेले नव्हते.