जिवाणूंच्या पुटिका : भायखळ्यापासूनची पार्श्वभूमी

कॉलरा, प्लेग किंवा ई. कोलायच्या जिवाणूला दोन पटलं असतात. बाहेरचं पटल जागोजागी फुगतं, फुगवटा सुटा होतो आणि साधारण २० ते २५० नॅनोमीटरची बंद पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, बाहेर पडते. तिच्या पोटात प्रथिनं असतात, बऱ्याचदा विषंही. ही पुटिका माणसाच्या पेशीला चिकटते, आत शिरते आणि जिवाणू स्वतः जिथे पोचलेला नाही तिथे त्याची प्रथिनं पोचवते. हे मान्य व्हायला कित्येक दशकं गेली.

हा इतिहास सहसा १९६०च्या दशकातल्या इंग्लंडपासून सांगतात. मला तो भायखळ्यापासून सांगावासा वाटतो. जिवाणू ज्या द्रवात वाढतो त्या द्रवात तो काय सोडतो, हा यातला मूळ प्रश्न, आणि मुंबईत तो फार आधी, रोज माणसं दगावत असताना, गांभीर्याने घेतला गेला होता.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. थोड्याच दिवसांत जिवाणुतज्ज्ञ वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगच्या लशीच्या कामाला लागले. त्यांनी मांसाचा पोषक द्रव चंबूत भरला आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. चंबू न हलवता ठेवला की त्या थेंबांखाली प्लेगचे जिवाणू झुंबरासारखे लोंबत वाढायचे. मग चंबू हलवायचा, झुंबरं तळाशी पडायची, वर पुन्हा नवी वाढ. काही आठवड्यांनी सगळं तास-दीड तास तापवून जिवाणू मारायचे. महत्त्वाचं म्हणजे हाफकिननी द्रव ओतून दिला नाही. जिवाणूंची शरीरं आणि त्यांनी द्रवात सोडलेले पदार्थ, दोन्ही लशीत हवेत, असं त्यांचं मत होतं. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९मध्ये प्रयोगशाळा परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

हाफकिनना पुटिका माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांच्या लशीचा गुण पुटिकांमुळे आला असं मी म्हणणार नाही. पण प्लेगचा जिवाणू पुटिका सोडतो आणि त्याचं प्ला हे प्रथिन तोडणारं विकर (एन्झाइम) त्या पुटिकांवर कार्यक्षम असतं, हे २०१४मध्ये दाखवलं गेलं. द्रव राखून ठेवण्यामागचा त्यांचा विचार किती पुढचा होता, हे त्यावरून कळतं.

दुसरा धागा कलकत्त्याचा. १९५९मध्ये संशोधक शंभूनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जिवाणू वाढवलेला द्रव गाळून जिवाणूमुक्त केला आणि सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. जिवाणू नसतानाही विष काम करत होतं. पुढे १९६७मध्ये कलकत्त्याच्याच चॅटर्जी आणि दास यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कॉलऱ्याच्या जिवाणूचं बाह्य आवरण फुगून सुटताना टिपलं आणि हे उत्सर्जन आहे असं मांडलं. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ वर्क यांच्या गटाने लायसिन या अमिनो आम्लाची उपासमार केलेल्या ई. कोलायमध्ये असेच कण त्याच सुमाराला पाहिले होते. तरी अनेकांच्या लेखी हा मेलेल्या पेशींचा कचराच होता. मला हे फार खटकतं, कारण चित्रं समोर होती.

मत बदललं ते सन २००० नंतर. अमेरिकेतल्या संशोधक मेटा क्यून यांच्या गटाने दाखवलं की प्रवाशांना जुलाब करणाऱ्या ई. कोलायचं विष बरंचसं पुटिकांना चिकटूनच बाहेर येतं. २००४मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली: पुटिकेवरचं विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ या मेदरेणूला धरतं आणि पेशी अख्खी पुटिका आत ओढून घेते. २००९मध्ये फुप्फुसांना संसर्ग करणाऱ्या स्यूडोमोनास या जिवाणूच्या पुटिका श्वसनमार्गाच्या पेशींत सिफ हे प्रथिन सोडतात हे सिद्ध झालं. त्यामुळे क्लोराइड वाहून नेणारी सीएफटीआर ही वाहिनी पेशीच्या पृष्ठभागावरून कमी होते. जिवाणूने पेशीला स्पर्शही करायची गरज नव्हती. आणि २०११मध्ये कोलकात्यातूनच पुढे आलं की कॉलऱ्याच्या विषाचा काही भाग पुटिकांसोबत आतड्याच्या पेशींत जातो. डे यांचा गाळलेला द्रव आणि चॅटर्जी-दास यांची चित्रं अशी एकत्र आली.

लशींचा रस्ता समांतर चालला होता. मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूच्या बी प्रकाराच्या आवरणातली साखर आपल्याच ऊतींतल्या साखरेसारखी असल्याने नेहमीची लस जमत नव्हती, म्हणून १९८०च्या दशकात क्युबा आणि नॉर्वेने त्याच्या पुटिकांची लस बनवली. डिटर्जंटने त्यांतलं बरंचसं एंडोटॉक्सिन, म्हणजे बाह्य पटलातला विषारी घटक, काढून टाकत. न्यूझीलंडने २००४पासून तिथल्या साथीच्या जातीच्या पुटिका वापरल्या. २०१७च्या विश्लेषणात ती लस घेतलेल्यांमध्ये परमा (गनोरिया) हा लैंगिक संसर्गाचा रोग सुमारे ३१ टक्क्यांनी कमी आढळला. परम्याचा जिवाणू मेनिंगोकॉकसचा जवळचा नातेवाईक आहे. त्याच न्यूझीलंडच्या पुटिका असलेली नवी लस ऑगस्ट २०२५पासून इंग्लंडमध्ये जास्त धोका असलेल्या लोकांना परम्यासाठी दिली जाते.